रिठावरची बाटली

गरम पाण्याने काच फुटते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माहेरी आमच्याकडे बाटली नव्हतीच, सासरी एक होती आणि ती रॉकेलची. तिच्यातलं उरलंसुरलं तेल मी दिव्यात ओतलं, राख घालून घासघास घासली, तरी वास काही जाईना. म्हणून चुलीवरचं उकळतं पाणी सरळ तिच्या तोंडात सोडलं. टच् असा आवाज झाला आणि बूड माझ्या पायाशी पडलं. खाटेवरून सासू म्हणाली, "झालं मन थंड?"

हे पन्नासनंतरच्या दोनचार वर्षांतलं. चांदा जिल्ह्यातलं आमचं गाव म्हणजे तलावाच्या पाळीखाली वीसबावीस घरं, सगळी आम्हा ढिवरांची. पुरुषांनी जाळी टाकायची, बायांनी मासोळ्यांच्या टोपल्या घेऊन गावोगाव फिरायचं आणि धान निघालं की दुसऱ्याच्या बांधीत कापणीला जायचं. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा दिवाळी झाल्याबरोबर गडचिरोलीकडच्या जंगलात बांबू तोडायला गेला होता आणि होळीशिवाय येणार नव्हता. घरात मी आणि सासू. सासरा मी येण्याआधीच वारलेला. दोघींचं एक मिनिट पटायचं नाही. मी तशी तोंडाळच, चौथी शिकल्याचा तोरा वेगळा, आणि ती माझी सासू शोभेल अशीच होती.

त्या कार्तिकात तिला हिवतापानं धरलं. एक दिवस आड दुपारी थंडी भरायची, चार गोधड्या टाकल्या तरी खाट वाजायची, मग अंग तव्यासारखं तापायचं. मधला दिवस ती उठून बसायची आणि मला शिव्या द्यायची, त्यावरून कळायचं की आज तापाची पाळी नाही. पण पाळी पाळीला शिव्या कमी होत गेल्या. पोटात डाव्या अंगाला पानथरी, तापाने सुजून येते ती गाठ, हाताला लागायला लागली. एका मधल्या दिवशी ती काहीच बोलली नाही, तेव्हा मात्र मी हातातलं काम टाकून तिच्या खाटेशी जाऊन बसले. ही म्हातारी आपल्या हातात जाणार, आणि होळीला नवरा येऊन विचारणार, माय कुठी हाये? मग मी काय सांगू?

चार कोसांवर बाजाराचं गाव होतं. तिथे मंगळवारी बाजाराच्या दिवशी दवाखाना उघडायचा. औषध फुकट, पण बाटली ज्याची त्याने आणायची. म्हणून ती सोमवारची घासाघास. बाटली फुटली, तरी मी थांबले नाही. आमच्याकडे तेल, मध, ताक सगळं तुंब्यात राहायचं, वाळवलेल्या भोपळ्याच्या. मी एक चांगला तुंबा निवडला, धुतला, नवी डाट बसवली आणि पहाटेच निघाले.

कंपाउंडरने तुंबा हातात घेतला, हलवून पाहिला आणि इतका हसला की रांगेतले लोकही हसायला लागले. "बाई, यात औषध देऊ? कडू भोपळ्यात? आत बुरशी धरंल. अन डोसाची पट्टी कुठी चिकटवू, याच्या ढेरीवर?" मी म्हटलं, "माही सासू तिथी मरून राह्यली, अन तुमाले हासू येते? तुमच्या मायले असा ताप आला असता तर ओंजळीत औषध नेलं असतं तुमी." त्याचं हसणं थांबलं. पण औषध काही दिलं नाही. म्हणाला, "पुढच्या मंगळवारी साफ बाटली आणा, पाहिजे तेवढं देतो." बाजारभर फिरले. रिकामी बाटली कोणी विकायला आणलेली नव्हती. ज्याच्याकडे होती त्याला ती तेलाला हवी होती.

चार कोस पाय आपटत परत आले. सासूला म्हटलं, मंगळवारपर्यंत बाटली आणतेच. ती म्हणाली, "आण. पेणार कोण हाये?"

हे तिचं नेहमीचंच होतं. आमच्या गावात कोणीच दवाखान्याचं औषध घेत नसे. गाव पूर्वी इथे नव्हतं. अर्ध्या कोसावर, मोहाच्या झाडांत, जुनं गाव होतं. तिथे हैजा, म्हणजे पटकी, आला, घरोघरी माणसं मेली आणि उरलेली उठून तलावाखाली आली. उठून गेलेल्या अशा गावाच्या जागेला आमच्याकडे रिठ म्हणतात. त्या हैज्यात म्हणे एका लेकराला सरकारी औषध पाजलं आणि रात्र उलटायच्या आत ते गेलं. तेव्हापासून गावात म्हणच पडली, सरकारी औषध लेकरू खाते. लेकराला ताप येवो की म्हाताऱ्याला, मांत्रिकाचा अंगारा, निंबाचा काढा, आणि जे होईल ते होईल.

शेजारणीकडे एक बाटली होती, गोडेतेलाची. तिच्याकडे गेले. ती दारातच उभी राहिली. "देल्ली असती वं, पण तापाच्या घरची बाटली वापस कशी घेऊ?" मी म्हटलं, वापस घेऊ नका, मी दुसरी आणून देईन. तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं, "अन दवाखान्याचं पाणी माह्या बाटलीत नोको. सरकारी औषधानं काय होते ते तुह्या सासूलेच इचार." मला वाटलं, म्हातारी सगळ्या गावात हेच शिकवत फिरली असणार. रागारागाने घरी आले आणि विचारायचं राहूनच गेलं. ती थंडीने कुडकुडत होती.

सात दिवस. त्यात तीन-चार पाळ्या. मला एका जागी बसवेना. सरपणाला रिठाकडे जायचे तेव्हा मातीत काचेचे तुकडे चमकताना पाहिले होते. तुकडा आहे तिथे कधीतरी अख्खी बाटली असणारच. आणि त्या गावात मालगुजाराचं, गावच्या जमीनदाराचं, घर होतं, म्हणजे सोडा, शाई, दवा असलं सगळं आलंच. मी सब्बल, लोखंडी पहार, खांद्यावर टाकली. सासूने विचारलं, "कुठी चालली?" मी सांगितलं. तिचे डोळे एकदम मोठे झाले. "रिठावर पाय नोको ठेवू. मेलेल्याचं हाये ते सारं." मी म्हटलं, "जित्यायनं एक बाटली देल्ली नाई, आता मेलेल्यायलेच मांगतो."

रिठावर गेल्यावर घर शोधणं सोपं नसतं. भिंती मातीत मिळालेल्या, वर तरोट्याचं रान. पण सीताफळीचं झाड दिसलं की समजायचं, इथे कोणाची तरी सांदवाडी होती, मागच्या दारची भाजीची जागा. जिथे माती राखेसारखी भुरकट आणि भुसभुशीत, तिथे उकिरडा. मालगुजाराची जागा चौथऱ्याच्या दगडांवरून सापडली. त्याचा उकिरडा मी पहिल्या दिवशी कमरेइतका खोदला. खापरं, हाडं, फुटक्या बांगड्या. दुपारी एक बाटली अख्खी लागली आणि मी ओरडलेच. पण ती सोड्याची, गळ्यात गोटी अडकलेली. डाट बसेना, गोटी निघेना. फेकून दिली. मग एक चिनी मातीची बरणी लागली, वर पिवळी, खाली पांढरी, इतकी देखणी की मांडीवर घेऊन बसले. आत मीठ दगड होऊन बसलेलं. कोण्या बाईने लोणचं घालायला ठेवलं असेल आणि गाव उठलं. पण बरणीचं तोंड हाताएवढं. औषधाला काय कामाची? पुसून झाडाखाली ठेवून दिली, घरी नेली नाही. माझं मन तेव्हा देखण्या वस्तूत लागत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला सहा बुडं, चार गळे आणि एक शाईची दौत, चिरलेली. तळहातांना फोड आले. खोदता खोदता कान मात्र तयार झाला. सब्बल मातीत गेली की भस्स, खापराला लागली की खर्रर, काचेला लागली की बारीक किण्ण. किण्ण झालं की सब्बल टाकायची आणि नखांनी उकरायचं. घरी येऊन पाहिलं तर सासूने पेजेला तोंड लावलं नव्हतं. तिचे पाय चेपत बसले पण माझे हात सब्बलीच्याच ओढीने वळवळत होते. तिला आईमाईवरून शिव्या द्यायला सांगावं असं वाटत होतं.

शनिवारी मालगुजाराचा उकिरडा संपला. मी वेड्यासारखी रिठभर फिरले, इथे टोच, तिथे टोच. तशात एका जागी जमिनीत रोवलेलं दगडी उखळ दिसलं, एका बाजूने टवका गेलेलं. ते पाहून मी थांबले. सासू धान कांडताना नेहमी कुरकुरायची की आमचं खरं उखळ रिठावरच राहिलं, काठ फुटका होता पण काय कांडण निघायचं. म्हणजे हे आमचंच घर. मला हसू आलं. मी नवरीसारखी त्या घरात शिरले. इथे चूल असेल, इथे माजघर, इथे दार. दाराच्या जागी दोन चपटे दगड उरले होते. त्यांच्या मधोमध सहज सब्बल मारली, आणि किण्ण.

नखांनी उकरलं. हातभर खाली एक उभी बाटली होती. पडलेली नाही, फेकलेली नाही, कोणीतरी नीट उभी करून पुरलेली. निळसर काच, चपटं अंग, तोंडाला बूच आणि बुचावर लाख वितळवून बसवलेली. मी ती उन्हाकडे धरली. आत गळ्यापर्यंत तपकिरी काहीतरी हललं.

माझ्या मनात काय आलं असेल? मोहाची! सासऱ्याने बायकोच्या धाकाने दारात पुरून ठेवली आणि गाव उठताना काढायची विसरला. मी एकटीच त्या रानात खोखो हसले. मग ओतून द्यावी म्हणून बूच उपटू लागले, पण लाख हलेना. म्हटलं, चला, घरीच नेऊ. म्हातारीला चिडवायला एक निमित्त. चिडली तर बरंच.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळतीला आलेला. ताप नसलेला दिवस होता, ती भिंतीला टेकून बसली होती. मी बाटली पदराआडून काढली आणि म्हटलं, "घ्या आत्याबाई. मामाजीनं तुमच्यापासून लपवली होती, दाराच्या उंबऱ्यात. इतकं भेव घालावं का माणसाले?"

ती चिडली नाही. दोन्ही हात पुढे केले आणि बाटली लेकरू घ्यावं तशी घेतली. अंगठ्याने लाख चाचपली. बाटलीकडे पाहतच म्हणाली, "त्यायनं नाई. म्या पुरली."

मग तिने सांगितलं ते असं. माझ्या नवऱ्याच्या आधी तिला एक मुलगी होती. तीन वर्षांची. दीड वर्ष त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. हैजा आला तेव्हा सासरा मासोळ्या घेऊन सिंदेवाहीकडे गेलेला. घोड्यावरून सरकारी माणूस आला, विहिरीत लाल दवा टाकली आणि ज्या ज्या घरी दुखणं होतं त्या घरी एकेक बाटली दिली. घटकेघटकेला एक चमचा, म्हणाला. बाजूच्या घरी बाईने लगेच आपल्या नवऱ्याला पाजलं, आणि तो दुपारीच गेला.

"मले भेव लागलं," सासू म्हणाली. "पोट्टी पाणी पाणी करून राह्यली होती. बाटली हातात होती. पाजू का नोको पाजू? फेकावं तर सरकारचं. गावात मरी आली की आपन शिवेवर काय करतो? मंतरलेले खिळे गाडतो, लिंबू गाडतो, मंग ते शीव लांघत नाई. म्हटलं हे बी साहेबाचं मंतरलेलंच पाणी हाये. उंबऱ्यात गाडलं तर मरी घरात येनार नाई. लाख लावली, वास बी येऊ देल्ला नाई, अन गाडली. मरी घरात आलीच होती ना वं. घरातच होती. मले तेवढं सुचलं नाई."

मुलगी पहाटे गेली. सासरा धावत आला तेव्हा माती देऊन झाली होती. त्याने एकच विचारलं, सरकारी औषध वाटलं म्हणतात, पाजलं का? ती हो म्हणाली. सगळं पाजलं म्हणाली. तो माणूस तिथेच खाली बसला, आणि मग मरेपर्यंत, ज्याच्या घरी ताप आला त्याच्या घरी जाऊन सांगत राहिला की दवाखान्याचं पाजू नका, माझी पोरगी त्यानेच गेली.

गावभर जी म्हण झाली होती ती आमच्या घरातून निघाली होती, आणि खोटी होती. त्या म्हणीपायी किती घरांनी किती लेकरं अंगाऱ्यावर ठेवली असतील, हे माझ्या मनात आलं आणि मला तिचा संताप आला. खरंच आला, तो का लपवू? आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. बाटली मागितली. "द्या. रिकामी करून धुतो. परवा मंगळवार हाये." परवा नव्हता, अजून दोन दिवस मध्ये होते, पण मला धीर नव्हता.

तिने दिली नाही. रविवारच्या तापातही उशाशी घेऊन झोपली. सोमवारी सकाळी स्वतः सुरीने लाख खरवडली, बूच काढलं आणि नाकाशी नेलं. मलाही वास आला, लवंगेसारखा, कापरासारखा. "गोड वास हाये," ती म्हणाली. मग अंगणात जाऊन लेकराला पाजावं तसं हळूहळू तिनेच ओतलं. मी वाळू घातली, राख घातली, निंबाचा पाला घातला आणि गार पाण्याने, फक्त गार पाण्याने, दहा वेळा विसळली.

मंगळवारी कंपाउंडरने बाटली उजेडात धरून पाहिली. "ही कुठी भेटली? आमच्या मोठ्या डॉक्टरच्या काळातली आहे, हैज्याची." मला राहवलं नाही. विचारलं, त्या औषधाने माणूस वाचायचा का? त्याने औषध मोजून ओतलं, खाचांची पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "कोणी वाचे, कोणी नाई वाचे." हे उत्तर मी चार कोस तोंडात धरून आणलं. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिने विचारलं नाही.

ती म्हणाली, "शेजारणीले बलाव."

शेजारीण आली, तिच्यामागून दोघीतिघी आल्या. म्हातारी सरकारी औषध पिणार हे कळलं होतं, मरते की काय ते पाहायलाच आल्या असतील. दुपारचा ताप उतरला होता, सासू खाटेवर ताठ बसली. मी वाटीत डोस ओतला. तिने वाटी हातात घेतली आणि शेजारणीकडे पाहून म्हणाली, "माह्या पोट्टीनं औषध पेल्लं नवतं. म्या पाजलंच नाई. तिच्या बापाले मी खोटं बोलली, अन मंग बोलतच राह्यली. आता ज्याले ज्याले सांगतलं त्याले त्याले तूच सांग." शेजारणीने पदर तोंडावर धरला.

तिने वाटी एका दमात रिकामी केली. कुनैन किती जहर कडू असतं ते मला माहीत होतं, मी पाण्याचा गडवा हातात घेऊन उभी होते. तिने पाणी घेतलं नाही. जिभेने ओठ चाटले, वाटीच्या तळाकडे पाहत बसली, आणि मला म्हणाली,

"इतकंसंच कडू होय वं? पेल्ली असती ते. कारलं मांगून खात होती माही पोट्टी."